फुकटची प्रणाली, गाळ कोण काढणार?

पांझरेकाठची फड पद्धत आपण जाणताच. बंधारा वाडवडिलांनी बांधला. पण पाटातला गाळ दरसाल काढावा लागे, पाटकऱ्याला धान्य द्यावे लागे. नाहीतर शेवटच्या वावराला पाणी कुठले?

संगणकाचेही तसेच. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगाव जिल्हाही होता. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईने 'क्यूजीआयएस' ही नकाशाची मुक्त प्रणाली वापरली. २००२ पासून जगभरचे जाणकार ती घडवीत आले आहेत. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. कोणीही ती उघडून पाहावी, सुधारावी. पण चुका दुरुस्त करणाऱ्यालाही पोट आहेच! तो खर्च देणग्या आणि सभासद-संस्थांच्या वर्गणीतून भागवावा लागतो.

"फुकट आहे ना, मग पैसे कशाला?" असे आम्ही नोकरदार मंडळीही म्हणून जातो. इथेच चुकते. प्रकल्प संपला की निधी आटतो, दुरुस्ती थांबते. उद्या ताळेबंदच चुकला तर पीक कोणाचे वाळेल? आपलेच.

म्हणून अशा प्रत्येक सरकारी प्रकल्पात मुक्त प्रणालीच्या देखभालीसाठी दरसालची तरतूद हवी. पाणी घेईल त्याने गाळ काढायला यावे, हीच तर आपल्या फडाची रीत!