फाटलेल्या आभाळाला ठिगळ

आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावायचे, असे आपल्याकडे म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक गेली काही वर्षे हे ठिगळ लावण्याचेच काम करीत आहे. २०२३ या एकाच वर्षाचा हिशेब पाहावा. मार्चमध्ये काढणीला आलेल्या कांद्याला अवकाळी पावसाने व गारपिटीने झोडपले. पुढे १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट देशाने अनुभवला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस निफाड परिसरात पुन्हा गारा कोसळल्या. ज्या नक्षत्रांच्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या पेरण्या झाल्या, त्यांचाच भरवसा आता उरलेला नाही.

तथापि, शेतकरी कपाळाला हात लावून बसला आहे असे समजणे चुकीचे ठरेल. सपाट वाफ्यांत पाणी साचून रोपे कुजतात, हे ध्यानी येताच त्याने गादीवाफ्यांवर रोपे टाकण्यास आणि ठिबकने पाणी देण्यास प्रारंभ केला. पावसाने एक रोपवाटिका हातची गेली तर लागवड चुकू नये, म्हणून अनेक जण काही दिवसांच्या अंतराने दुसरी टाकून ठेवतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेने खरिपासाठी ‘भीमा सुपर’सारखे वाण विकसित केले आहेत. टोमॅटो, मिरची पिकवणारे शेतकरी मल्चिंग कागद आणि शेडनेटकडे वळले आहेत. हा सारा बदल त्याने शेतात उभे राहून, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जोखमीवर केला आहे.

खरी परीक्षा मात्र काढणीनंतर सुरू होते. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत साठवला जातो आणि खरिपाचा नवा माल येईपर्यंत तोच देशाला पुरतो. काढणीच्या वेळी पावसात भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. एरवीही साठवणुकीत ३० ते ४० टक्के माल सडून, कोंब फुटून वा वजन घटून वाया जातो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पावसाळी दमट हवेत चाळ राखणे हे शेत राखण्याइतकेच कठीण झाले आहे. चांगली चाळ, ठिबक, दुसऱ्यांदा घेतलेले बियाणे, करप्यावरील वाढीव फवारण्या या सर्वांना पैसा लागतो. तो त्याने आणायचा कोठून? उत्तर उघड आहे: ज्या वर्षी भाव मिळेल, त्या वर्षीच्या कमाईतून.

आणि नेमक्या त्याच वर्षी आपण त्याचा हात धरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. नोव्हेंबरच्या गारपिटीला दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काची अट घालूनच. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णतः हटले. दिल्लीतील १९९८ च्या सत्तांतराचे श्रेय आजही कांद्याला दिले जाते. तेव्हापासून सरकार कोणत्याही पक्षाचे असो, कांद्याच्या भावाचा धसका सर्वांनीच घेतलेला दिसतो. पण भाव कोसळून शेतकरी उभ्या पिकात नांगर घालतो, तेव्हा तितक्याच तत्परतेने कोणी धावून येताना दिसत नाही.

येथे प्रश्न केवळ सरकारचा नाही, तुमच्या-आमच्या घराचाही आहे. चित्रपटाच्या तिकिटावर सहज खर्च करणारे आपण, कांदा वीस रुपयांनी महागला की अस्वस्थ होतो. गोरगरिबांच्या ताटाची काळजी अवश्य वाहिली पाहिजे. परंतु त्यासाठी स्वस्त धान्य दुकानांतून सवलतीचा कांदा देता येतो, त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. मध्यमवर्गाच्या स्वस्ताईचा भार गारपिटीने मोडलेल्या शेतकऱ्याच्या पाठीवर टाकणे हे न्याय्य नाही आणि दूरदृष्टीचेही नाही. आज त्याच्या हाती चार पैसे उरले नाहीत, तर उद्या तो चाळ बांधणार नाही. अशा अनेकांनी कांद्याकडे पाठ फिरवली, तर टंचाई आपल्याच दारात येईल.

म्हणून निर्यातधोरण हंगामापूर्वी जाहीर व्हावे आणि मध्येच बदलू नये. नुकसानभरपाई पुढील लागवडीपूर्वी हाती पडावी. सुधारित चाळी आणि शीतसाठवण गावाच्या जवळ उभी राहावी. आभाळाला ठिगळ लावण्याचे कसब शेतकऱ्यापाशी आहे. सुई-दोऱ्याची किंमत तरी समाजाने चुकती करावी, एवढीच अपेक्षा.