कडा चढायचा, पण परवानगी कुणाची?



चौथीच्या वर्गात हिरकणीची गोष्ट सांगून झाली की एक प्रश्न हमखास येतो, "सर, आपल्याला जमेल का तसं?" यंदा तो विचारणारी मुलगी शेळ्यांमागे रोज अख्खा डोंगर पालथा घालते. मला हसून टाळता आलं नाही. कारण आदल्याच रविवारी मी आमच्या त्र्यंबक भागातल्या एका कातळावर जाऊन आलो होतो.

तिथे बोल्ट मारलेला एक मार्ग आहे. फार अवघड नाही, फार सोपाही नाही. चढणारा एकेका बोल्टमध्ये दोर अडकवत वर जातो आणि खालचा साथीदार दोर सांभाळतो. हात सुटला तर माणूस थोडा खाली येऊन दोरावर लटकतो. नवख्यांसाठी दोर आधीच वरून सोडतात, म्हणजे तेवढंही पडणं नाही. तरी माझे पाय तिसऱ्या बोल्टपाशी लटपटले, ते सोडा. खाली उतरलो तर तीन माणसांची तीन उत्तरं. एक म्हणाले, जागा वनखात्याची आहे, चढायचं नाही. दुसरे म्हणाले, हे तर गावचं गायरान. सोबतची मंडळी म्हणाली, इतकी वर्षं कुणी अडवलं नाही.

आता अशा ठिकाणी मी वर्ग कसा नेऊ?

कडे आपल्याकडे कमी नाहीत. डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने १९८६ साली हरिहरचा कडा चढला, तेव्हापासून तो 'स्कॉटिश कडा' झाला. (स्कॉट मूळचे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. स्कॉटलंडचा संबंध नाही, नाव आडनावावरून पडलं!) टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आहे.

पण नुसतं "खुलं करा" म्हणणंही मला पटत नाही. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे ही गिधाडं आधीच संपत आली, २००६ मध्ये ते औषध बंद झालं. आणि पेच असा की पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, म्हणून चढाई हिवाळ्यात होते. गिधाडांचा विणीचा हंगामही नेमका हिवाळ्यातच सुरू होतो. ब्रिटनमध्ये अशा वेळी कड्याचा घरट्याजवळचा भाग ठरावीक तारखांपुरता बंद ठेवतात, बाकीचा चालू राहतो. आपल्याला एवढं जमणार नाही का?

काही पालक म्हणतील, "सर, कशाला ही जोखीम?" बरोबर आहे. पण आमची मुलं कड्यावर चढतातच. करवंदांसाठी चढतात, चुकलेल्या शेळीसाठी चढतात, तेही दोराशिवाय. शहरातली मुलं हेल्मेट घालून येतात तेव्हा हीच मुलं खाली उभी राहून बघतात. हे मात्र मला खुपतं. गावच्या कड्यावर गावची मुलं आधी.

कुणी अडवत नाही म्हणून जायचं, हे मी मुलांना शिकवणार नाही. लेखी उत्तर येईपर्यंत वर्ग नेणार नाही. पण उत्तर मागणं सोडणारही नाही. ग्रामपंचायत आणि वनविभाग, दोघांनाही अर्ज दिला आहे. जागा कुणाची, कोणता भाग चालतो, कोणत्या महिन्यांत बंद, प्रशिक्षक कोण असावा, एवढंच विचारलंय. अर्ज वर्गात मोठ्याने वाचला. त्या मुलीने फक्त एक दुरुस्ती सुचवली: "सर, बंद असेल तर कधी उघडणार, तेपण लिहा ना."

ते लिहिलं. उत्तर आलं की इथे कळवतो.