घरघर आधी ऐका, मग थांबवा

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. टीव्ही बंद झालेला असतो, रस्त्यावरची वर्दळ ओसरलेली असते आणि दिवसभर कुणाच्या लक्षातही न आलेला एक आवाज ठळक होतो. टेबलाखालच्या संगणकाची घरघर. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी कानाला हेडफोन लावते, त्याच खोलीत झोपलेले आजोबा कूस बदलतात आणि कुणीतरी उठून संगणकाला एक चापट मारते. आवाज क्षणभर थांबतो. झाले काम, असे सगळ्यांना वाटते. दुखणे मात्र तसेच राहते.

ही घरघर अनेकदा वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात त्याच्या पंख्याची असते. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेतून संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज ही पेटी तयार करते. या कामात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. पेटीची कार्यक्षमता ८० टक्के असेल आणि संगणकाला २०० वॅट लागत असतील, तर भिंतीतून २५० वॅट ओढले जातात. वरचे ५० वॅट त्या लहानशा पत्र्याच्या डब्यातच तापत राहतात. ती धग बाहेर फेकणे हे पंख्याचे काम. म्हणूनच त्याचा आवाज नकोसा असला तरी पंखा नकोसा असू शकत नाही.

आवाज कशाचा आहे, हे बहुतेकदा कानालाच कळते. नुसताच मोठा घोंघावणारा आवाज असेल तर पेटी तापलेली आहे किंवा जाळीत धूळ साचली आहे आणि पंखा जास्त वेगाने फिरतो आहे. सुरू करताना घरघर आणि थोड्या वेळाने कमी, असे असेल तर पंख्याच्या बेअरिंगमधले तेल सुकत आले आहे. टकटक होत असेल तर एखादी वायर पात्याला लागत असावी. बारीक शिट्टीसारखा आवाज मात्र बहुधा पंख्याचा नसतोच. तो आतल्या कॉइलच्या कंपनाचा असतो आणि पंखा बदलून तो जात नाही.

एवढ्याशा आवाजाने काय बिघडते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कान बधिर होण्याइतका हा आवाज मोठा नसतो, हे खरेच. पण आवाजाचा त्रास फक्त कानाला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झोपण्याच्या खोलीत सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल आणि वर्गात ३५ डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित साधे नाही. दहा डेसिबल वाढले की माणसाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उशाशी चालणारा खराब पंखा झोप मोडतो, लक्ष विचलित करतो आणि मन चिडचिडे करतो. शाळेच्या संगणक कक्षात असे वीस पंखे एकत्र घरघरतात, तेव्हा शिक्षकांना आवाज चढवावा लागतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला निम्मे ऐकूच येत नाही. या त्रासाला किरकोळ म्हणणे चूक आहे.

पण त्रास खरा आहे म्हणून कोणताही उपाय चालतो असे नाही. मागच्या जाळीला कापड किंवा स्पंज लावणे, पंख्याची वायर काढून टाकणे, जाळीतून काडी घालून पाते अडवणे, हे उपाय ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडण्यासारखे आहेत. पेटीतले कपॅसिटर उष्णतेने लवकर मरतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या खोलीत पंखा बंद पाडणे म्हणजे पेटीच नव्हे, तिला जोडलेले मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही पणाला लावणे. कमी व्होल्टवर पंखा हळू फिरवण्याची युक्तीही जपूनच करावी. गती निम्मी झाली की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, पण हवाही निम्मीच जाते आणि काही पंखे इतक्या कमी विजेवर सुरूच होत नाहीत.

सगळ्यात मोठा धोका घरच्या घरी पेटी उघडण्यात आहे. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास, काही पेट्यांत त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. चार स्क्रू काढून शिलाई मशिनचे दोन थेंब सोडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याने काही आठवडे शांतता मिळते, पण झिजलेले बेअरिंग तेलाने भरून येत नाही. त्या काही आठवड्यांसाठी विजेचा झटका ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

घरी करण्यासारखे सुरक्षित उपायही आहेत. संगणक बंद करून प्लग काढावा आणि पेटी न उघडता बाहेरच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. संगणक भिंतीला चिकटलेला किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला असेल तर मागे वीतभर जागा सोडावी. खाली रबराचे पाय लावले तर कंपन टेबलाला पोहोचत नाही. एवढ्याने भागले नाही तर जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून त्याच मापाचा आणि तेवढीच हवा फेकणारा चांगला पंखा बसवून घ्यावा. पेटीच जुनी असेल तर मोठ्या पंख्याची नवी पेटी घ्यावी. मोठे पाते कमी वेगात तेवढीच हवा फेकते, म्हणून ते शांत असते.

खरा प्रश्न खरेदीच्या वेळी सुरू होतो. संगणक घेताना मेमरी किती, डिस्क किती, हे दुकानदार तोंडपाठ सांगतो. आवाज किती, हे तो सांगत नाही आणि ग्राहकही विचारत नाही. ते विचारायला हवे. शाळा आणि कार्यालयांनी निविदेत आवाजाची अट घालावी आणि वार्षिक देखभाल करारात वर्षातून दोनदा धूळ काढण्याचे कलम टाकावे. उत्पादकांनीही पंखा सहज बदलता येईल अशी पेटी बनवावी. एका पंख्यासाठी अख्खी पेटी भंगारात जाणे पैशालाही परवडत नाही आणि पर्यावरणालाही.

तोपर्यंत रात्री अकराला घरघर सुरू झाली, तर चापट मारण्याऐवजी संगणक बंद करून सकाळी त्याची जाळी तपासावी. अभ्यास एक दिवस वहीतूनही होतो.