‘रिलॅक्सिंग पियानो’ आणि कलम ३१ सी

पोस्ट लांब आहे, विषय थोडा आडवळणाचा आहे, पण शेवटी गाडी कायद्यावर येणार आहे. तेव्हा जरा दम धरा.

रेडिओहेडच्या एखाद्या गाण्याचं पियानो व्हर्जन ऐकून ‘वा, किती रिलॅक्सिंग!’ असं वाटलं, तर बहुतेक वेळा ते व्हर्जन फसलेलं असतं. दोष ऐकणाऱ्याचा नाही. ते बनवलेलंच तसं असतं. डाव्या हाताने कॉर्ड मोडून वाजवायचे, उजव्या हाताने गायकाची चाल, पाय पेडलवर कायमचा. हॉटेलच्या लॉबीत, कॅफेत, अभ्यासाच्या प्लेलिस्टमध्ये हेच चालतं. मिसळीतला कट काढून टाकायचा आणि भिजलेलं फरसाण पुढे ठेवायचं, वर म्हणायचं ‘बघा, पोटाला त्रास नाही’. अहो, पण मग मिसळ कुठे गेली?

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी: रेडिओहेड म्हणजे इंग्लंडातल्या ऑक्सफर्डजवळच्या पाच जणांचा बँड. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’पासून, आणि २००० च्या ‘किड ए’पासून तर उघडच, त्यांनी रॉकचा साचा मोडला. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ हे गाणं दहा मात्रांच्या आवर्तनात फिरतं. आपल्या झपतालाच्याही दहाच मात्रा, पण इथे खंड तसे पडत नाहीत, त्यामुळे ऐकणारा सतत अर्धं पाऊल चुकल्यासारखा राहतो. त्यावर गायकाचा आवाज कापून, तुकडे करून विखुरलेला. ‘लेट डाउन’मध्ये एक गिटार बाकीच्या बँडपेक्षा वेगळ्याच मोजणीत चालते. ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’मध्ये चार मात्रांत सुखाने बसलेल्या माणसाला मध्येच सात मात्रांच्या खड्ड्यात ढकललं जातं. ही अस्वस्थता म्हणजेच ते गाणं. तीच काढून टाकली तर उरते ती फक्त चाल, आणि नुसत्या चालीसाठी एवढा खटाटोप कुणी केला नव्हता.

आता हे सगळं एका पियानोवर आणायचं म्हणजे काय, ते बघा. पियानोचा स्वर वाजला की त्या क्षणापासून विझायला लागतो. इलेक्ट्रिक गिटारचा स्वर फीडबॅकवर ताणून धरता येतो. गायक एकाच स्वरावर आठ शब्द म्हणतो तेव्हा शब्द ते पेलून नेतात. पियानोवर तोच स्वर आठ वेळा वाजवला तर कुणी दार ठोठावतंय असं वाटतं. मींड नाही, हे दुखणं आपल्याला पेटीमुळे ठाऊक आहेच. माणसं पाच, हात दोन. म्हणजे अरेंजरला प्रत्येक मात्रेला ठरवावं लागतं: काय ठेवायचं, काय सोडायचं, आणि सोडलेल्याचा भास कशाने द्यायचा. ताणलेला स्वर ट्रेमोलोने, गिटारचा गोंगाट खालच्या सप्तकातल्या दाट स्वरपुंजांनी, ड्रमचा आघात डाव्या हाताच्या कोरड्या, पेडल न वापरता दिलेल्या ठोक्याने. याला नक्कल म्हणत नाहीत. हे त्या गाण्याबद्दलचं मत असतं.

अशी मतं कशी वेगवेगळी असू शकतात ते ऐकायचं असेल तर दोन नावं देतो. क्रिस्टोफर ओ’रायली, शास्त्रीय तालमीतला अमेरिकन पियानोवादक. २००३ च्या ‘ट्रू लव्ह वेट्स’ या अल्बमवर त्याने फक्त रेडिओहेड वाजवलं, एकट्याने. त्याचा कल असा की बँडमधले शक्य तेवढे धागे दोन हातांत विणायचे. दुसरा ब्रॅड मेल्डाउ, जॅझवाला. ‘लाइव्ह इन टोकियो’वर त्याने एकट्याने वाजवलेलं ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ जवळजवळ वीस मिनिटांचं आहे. मूळ गाणं साडेसहा मिनिटांच्या आत संपतं. एकाने गाणं घट्ट केलं, दुसऱ्याने उलगडलं. कोण बरोबर यावर खुशाल भांडा. भांडता येतं, हाच पुरावा की इथे काहीतरी नवीन घडलंय. लॉबीतल्या पियानोवर कुणी भांडत नाही.

दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला रॉकवाल्यांचा: ‘या गाण्यांचा जीव स्टुडिओत आहे. ध्वनी काढला की उरतं काय?’ मग ‘लाइक स्पिनिंग प्लेट्स’चं काय करायचं? २००१ च्या ‘अ‍ॅम्नेझिअ‍ॅक’वरचं हे गाणं दुसऱ्याच एका गाण्याचं ध्वनिमुद्रण उलटं फिरवून त्यावर उभं केलेलं. याहून ‘स्टुडिओचं’ गाणं कुठलं असणार? आणि त्याच वर्षी बँडने स्वतःच ते मैफलीत पियानोवर घेतलं, लाइव्ह अल्बमवर छापलंही. ज्यांनी बनवलं त्यांनाच ते पियानोवर जगू शकतं असं वाटलं. आपण राजापेक्षा राजनिष्ठ का व्हायचं?

दुसरा शास्त्रीयवाल्यांचा. एका पियानो शिक्षकांनी मला ऐकवलं होतं, ‘आधी ग्रेडच्या परीक्षा द्या, मग ही थेरं करा.’ सर, लिस्टने बेथोव्हनच्या नऊच्या नऊ सिंफनी पियानोवर उतरवल्या. बर्लिओझची ‘सिंफनी फँटास्टिक’ म्हणजे त्या काळातला मोठाच प्रयोग. तीही त्याने पियानोवर आणली, आणि शुमानने १८३५ साली त्या सिंफनीवर जे गाजलेलं परीक्षण लिहिलं ते वाद्यवृंद ऐकून नव्हे, लिस्टची पियानोप्रत समोर ठेवून. ही थेरं असतील, तर फार चांगल्या घराण्यातली आहेत.

आता कायद्यावर येतो, कारण खरा राग तिथे आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची अरेंजमेंट किंवा ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ‘अ‍ॅडॅप्टेशन’, आणि तो हक्क मूळ मालकाचा. ठीक. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ सी आलं: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं उलटली की आधी नोटीस देऊन, आगाऊ रॉयल्टी भरून कव्हर करता येतं. पण अट अशी की मालकाच्या संमतीने आधी झालेला नाही, किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नाही, असा कोणताही बदल संगीतात करायचा नाही. म्हणजे काय? पाच जणांचं गाणं दोन हातांत बसवणं ‘तांत्रिक गरज’ आहे असा वाद वकील एक वेळ घालतील. पण मेल्डाउसारखी वीस मिनिटं? ती कुठल्या गरजेत बसवणार? चाल जशीच्या तशी बडवणारा कायद्याला जवळचा, आणि गाण्याशी खरोखर भिडणारा संशयित!

पुढे ऐका. रॉयल्टी भरायची ती वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. एकट्या पियानोच्या प्रयोगशील रेकॉर्डिंगच्या ५०,००० प्रती! हा आकडा कमी करायची सोय आहे, पण ती एखाद्या विशिष्ट भाषेतल्या किंवा बोलीतल्या कृतींसाठी. शब्दच नसलेल्या पियानोने कुठल्या बोलीत अर्ज करायचा?

अमेरिकेत थोडं बरं आहे. तिथे सक्तीच्या परवान्यात आपल्या शैलीला साजेल एवढी अरेंजमेंट करायची मुभा आहे, फक्त मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलायचा नाही. पण मालकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय त्या अरेंजमेंटवर अरेंजरचा स्वतःचा कॉपीराइट तिथेही नाही. काम तुझं, हक्क शून्य.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी दशकानुदशकं नोटेशन लिहिलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. अँथनी गोन्साल्विस हे नाव बहुतेकांना १९७७ च्या सिनेमातलं गमतीचं गाणं म्हणून माहीत आहे. तो खरा व्हायोलिनवादक आणि अरेंजर होता, प्यारेलालांचा गुरू, हे किती जणांना माहीत आहे? पडद्यावर या लोकांच्या वाट्याला आलं तर ‘सहायक’, नाहीतर तेही नाही. अरेंजर म्हणजे हमाल, ही समजूत आपण तेव्हापासून जपलीय.

‘मग कुणीही उठून कुणाच्याही गाण्याची वाट लावेल’, असं म्हणणारे येतीलच. लावू देणार नाही. मूळ कृतीची विटंबना होऊन कर्त्याच्या नावाला बट्टा लागला तर कलम ५७ आहेच, ते राहू दे. मूळ संगीतकाराची रॉयल्टीही पूर्ण द्या, त्यातला एक पैसा मला नको. मागण्या तीनच:

१. कलम ३१ सी मध्ये वाद्य बदलून केलेल्या अरेंजमेंटला स्पष्ट जागा द्या.
२. निव्वळ वाद्यसंगीतासाठी प्रतींची किमान अट खाली आणा.
३. प्रत्येक रेकॉर्डिंगवर अरेंजरचं नाव सक्तीचं करा.

तिसऱ्या मागणीला तर सरकारी तिजोरीतून दमडीही लागत नाही.

आणि ऐकणाऱ्यांना एवढंच सांगणं: आज रात्री मेल्डाउची ती वीस मिनिटं ऐका. फोन बाजूला ठेवून, मध्ये न थांबता. झोप येणार नाही, याची हमी माझी.