तार्सला कोण जाणार?

आमच्या मंडळीत कुणी वारलं की बघावं. फोन पहाटे तीनला येवो की भर दुपारी, अर्ध्या तासात दाराबाहेर चपलांचा ढीग. पाळकसाहेब येतात, तरुण संघाची मुलं खुर्च्या लावतात, कुणी शवपेटीचं बघतं, कुणी कबरस्थानात जाऊन खणणाऱ्यांपाशी उभं राहतं. त्या घरात दोन-तीन दिवस चूल पेटत नाही, पण कुणी उपाशीही राहत नाही. एका घरून पिठलं-भाकरी, दुसरीकडून वरणभात, चहाची किटली तर फिरतच असते. रात्री पेटी-तबला येतो आणि पहाटेपर्यंत टिळकांची भजनं चालतात.

आमचे हे गेले तेव्हा मी आत बसले होते आणि मोरीत भांड्यांचा आवाज येत होता. उठून बघितलं तर रविवारच्या शाळेच्या किल्ल्यांवरून जिच्याशी माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं, ती बाई पदर खोचून भांडी घासत बसलेली. एक शब्द बोलली नाही. घासून झाल्यावर हात पुसले आणि बायकांत जाऊन बसली. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. किल्ल्या कुणाकडे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

'मंडळी' हा आमचा शब्द मला फार आवडतो. इतरांसाठी मंडळी म्हणजे घरातली माणसं, नाहीतर बायको. आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी मंडळी म्हणजे चर्च, म्हणजे इमारत नव्हे, माणसं. या शब्दामागे इतिहास आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. पुढे जे लोक ख्रिस्ती झाले त्यातल्या अनेकांना गावात अरे-तुरे ऐकायची सवय होती. इथे त्यांना बंधू-भगिनी म्हटलं गेलं. ज्यांना घरच्यांनी टाकलं त्यांचं तर मंडळी हेच घर झालं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार दुभंगला, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तरी सोवळं सुटायला वेळ लागला, आणि हे त्यांनी 'स्मृतिचित्रां'त लपवलेलं नाही. मला त्या पुस्तकात सगळ्यात काय भावतं, तर त्यांना कुणी ओढून आणलं नाही. त्यांच्या पावलांनी त्यांना येऊ दिलं. जाती मात्र मंडळीत आल्यावरही पुरत्या गेल्या नाहीत, सोयरिकीच्या वेळी अजून हळूच विचारतात... असो, तो आजचा विषय नाही.

तर सांगायचा मुद्दा असा की आमची मंडळी मरणाला धावते, आजारपणाला धावते. लाजेला मात्र धावत नाही.

म्हणजे असं. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा व्यसनी निघाला, कुणाची नोकरी 'गेली' नाही तर काढून टाकलं, कुणाची भिशी बुडाली आणि त्यात चार जणांचे पैसे होते. अशा घराबाहेर चपला दिसत नाहीत. ते घरही कुणाला बोलावत नाही. माणूस आधी पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जातो. मग उशिरा येतो आणि आशीर्वाद होताच बाहेर पडतो, चहाला थांबत नाही. मग फक्त नाताळ आणि उत्तम शुक्रवार. मग तेही नाही. आणि आपण एकमेकांना म्हणतो, "हल्ली ते दिसत नाहीत." एकमेकांना म्हणतो हं, त्यांना नाही.

2020 साली चर्च बंद झाली तेव्हा याच मंडळीतल्या मुलांनी म्हाताऱ्यांना औषधं पोचवली, डबे पोचवले, दारात ठेवून लांब उभी राहिली. मी स्वतः ते डबे खाल्ले आहेत. पण दारं पुन्हा उघडली तेव्हा कोण कोण परत आलंच नाही, याची यादी कुणी केली नाही. मीही नाही, आणि चाळीस मुलांची हजेरी घेण्यात माझा जन्म गेला!

आता जे लिहिणार आहे ते आमच्या घरात बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

आमच्या चर्चमध्ये एक मुलगा पेटी वाजवायचा. मुलगा म्हणजे आता पन्नाशीला आला असेल, पण माझ्या वर्गात होता म्हणून मुलगाच. हात असा, की नवीन पाळकाने चुकीच्या सुरात गाणं उचललं तरी दुसऱ्या ओळीपर्यंत सगळ्यांना रुळावर आणायचा. एमआयडीसीत नोकरी होती, ती सुटली. दारू लागली. लोकांकडून उसने पैसे घेऊ लागला. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

बुधवारच्या प्रार्थनासभेत शेवटी प्रार्थनेचे विषय विचारतात. मी उठले, त्याचं नाव घेतलं आणि सांगितलं की या भावाला दारूच्या बंधनातून सुटका मिळावी, त्याचं घर कर्जातून बाहेर यावं, म्हणून आपण प्रार्थना करू. मनापासून सांगितलं. आवाजही थोडा भरून आला होता. खाली बसले तेव्हा लक्षात आलं की त्याची आई दोन ओळी पुढे बसली आहे. तिने मान वर केली नाही. शेवटचं गीत झालं, आम्ही 'सलाम, सलाम' करत बाहेर आलो, तोवर ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना मला दोघींनी विचारलं, "कर्ज किती आहे हो?"

त्या रविवारपासून पेटी बंद. पुढे कीबोर्ड आला.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. प्रार्थनेच्या विषयात वाईट काहीच नाही. पण आमच्याकडे बातमी पोचवायची ती सगळ्यात सभ्य वाट आहे. चहाटळ म्हणून कुणी नाव ठेवत नाही, उलट "बाईंना किती कळकळ" असं म्हणतात. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला आधी विचारायला काय हरकत आहे? ऑपरेशन असलं तर आपण विचारतो, "सभेत सांगू का?" लाजेच्या गोष्टीला विचारत नाही, कारण मग तोंडासमोर बोलावं लागतं. हल्ली तर तेवढेही कष्ट नाहीत. सकाळी सहा वाजता गुलाबाच्या चित्रावर वचन लिहून ग्रुपवर पाठवलं की झालं उत्तेजन. मीही पाठवते, खोटं कशाला बोलू.

बायबलमध्ये बर्णबा नावाचा माणूस आहे. खरं नाव योसेफ. बर्णबा हे प्रेषितांनी ठेवलेलं, त्याचा अर्थ धीर देणारा. रविवारच्या शाळेत आपण एवढंच शिकवतो की त्याने शेत विकून पैसे आणून दिले. मला त्याच्या पुढच्या गोष्टी जास्त मोठ्या वाटतात. शौल यरुशलेमात आला तेव्हा सगळे शिष्य त्याला भीत होते, आणि का भिऊ नये? त्याने त्यांच्याच माणसांना तुरुंगात घातलं होतं. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने बोलला. म्हणजे त्याला जामीन राहिला. नंतर शौलाला तार्सला, त्याच्या गावी पाठवून दिलं गेलं. पुढे अंत्युखियात काम वाढलं तेव्हा हा बर्णबा तार्सला जाऊन, शोधून त्याला घेऊन आला. दीडदोनशे किलोमीटरची वाट, त्या काळची. निरोप पाठवला असता तरी चाललं असतं, पण हा स्वतः गेला. पुढे हाच शौल पौल झाला, आणि मार्क अर्ध्या वाटेतून परत गेला म्हणून त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार होईना. त्यावरून बर्णबाचं आणि त्याचं असं वाजलं की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. आणि म्हातारपणी तुरुंगातून लिहिताना पौल कुणाला घेऊन ये म्हणतो? मार्कला. ज्याला स्वतः एकदा परत आणलेलं होतं, त्याला दुसऱ्याला परत आणायची गरज दिसेना, याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही.

कुणी म्हणेल, मग काय चुकांवर पांघरूण घालायचं? नाही. दारू पिऊन बायकोला मारणारा असेल तर आधी तिच्याकडे जायचं, तिला घरात घ्यायचं, गरज पडली तर पोलिसांत जायचं. तिथे 'प्रेम करा, क्षमा करा' असं तिलाच सांगत बसणं हा गुन्हा आहे, आणि आमच्याकडे तोही होतो. मी बोलतेय ते त्यांच्याबद्दल, ज्यांनी कुणाला मारलेलं नाही, फक्त जे पडले आहेत.

तर त्या मुलाची गोष्ट. आमच्याकडे एक आत्याबाई होत्या, साऱ्या मंडळीच्या आत्याबाई. ऐंशीच्या पुढच्या. मिशनच्या वसतिगृहात जन्मभर स्वयंपाक केला, नवरा रेल्वेत होता त्याची फॅमिली पेन्शन. लिहिता-वाचता जेमतेम. प्रार्थनासभेत त्या कधी तोंड उघडायच्या नाहीत, डुलक्या काढायच्या. मी त्यांना दोनदा कोपराने उठवलंही आहे.

त्या वारल्यावर मला कळलं, की मधली चार वर्षं दर महिन्याला त्या याच मुलाला घेऊन बँकेत जायच्या. "मला आकडे कळत नाहीत, तू मोजून घे," म्हणून पैसे त्याच्या हातात द्यायच्या. ज्याला गावात कुणी शंभर रुपये देत नव्हतं, त्याच्या हातात आख्खी पेन्शन! नोव्हेंबरात हयातीचा दाखला, गॅसचा नंबर, चष्म्याची काडी, सगळ्याला तोच. येताना रिक्षातून उतरल्यावर त्याला जेवायला बसवायच्या. चर्चला का येत नाहीस, हे एकदाही विचारलं नाही म्हणे. त्यांच्या मुलीनेच मला हे सांगितलं, आणि हेही सांगितलं की एका महिन्यात तीनशे रुपये कमी आले होते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा त्यालाच बोलावलं.

त्या रात्री तो आला. कोपऱ्यात जुनी पेटी होती, ती ओढून घेतली आणि पहाटेपर्यंत वाजवत राहिला. सकाळी कुणी काही म्हणायच्या आत गेलाही.

आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. आई आता अंथरुणाला खिळलेली. मी वाक्यं पाठ करून गेले होते, शिक्षकाची खोड. त्यातलं निम्मंही बोलता आलं नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं काहीच बोलला नव्हतात. पण सातवीत मी गणितात नापास झालो होतो ना, तेव्हा तुम्ही मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं. वर्गात नाही सांगितलं."

मला ते आठवतही नव्हतं.

त्याच्या आईने आतून विचारलं, कोण आलंय? तो म्हणाला, शाळेतल्या बाई. ती म्हणाली, चहा कर त्यांना. त्याने केला, गोड फार होता, मी सगळा प्यायले.

तो आता पीत नाही की पितो, मला ठाऊक नाही. विचारलेलं नाही. एखाद्या रविवारी मागच्या बाकावर दिसतो, चहाला थांबत नाही. कीबोर्डवाल्या मुलाला परवा दाराशी काहीतरी बोटांनी दाखवत होता, मी मुद्दाम तिकडे गेले नाही.

नोव्हेंबरात माझाही हयातीचा दाखला असतो. मुलगा म्हणाला, आई, आता मोबाईलवर चेहरा दाखवला की होतं, घरबसल्या करून देतो. मी म्हटलं, नको रे बाबा, मला बँकेतच जायचंय. रिक्षा सांगून ठेवली आहे, आणि सोबतीला कोण, तेही विचारून ठेवलंय. तो म्हणाला, "अकरा वाजता तयार राहा बाई, बाराला गर्दी होते."