पाणी खुले झाले, पायऱ्यांचे काय?

नाते परिसरातील आपला एक बांधव झाडावरून पडला. मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. कागदपत्रांच्या कामासाठी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो सहज बोलून गेला, ‘‘वकीलसाहेब, महाडला जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही.’’ कारण एकच. चाकाची खुर्ची आत जाईल असे शौचालय त्याला वाटेत मिळत नाही.

अशा दुखापतीत लघवीवरचा ताबा जातो. दिवसातून अनेकदा, स्वच्छ जागी नळी लावावी लागते. पाणी तोडले की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बसून बसून जखमा होतात, त्यांची वेदनाही कळत नाही. दुखापत एकदाच झाली. उंबरे, जिने, एसटीची उंच पायरी यांची अडवणूक मात्र रोजची!

याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने जातीच्या कारणावरून तळी, विहिरी, रस्ते अडवण्यास मनाई केली. त्या कारणांच्या यादीत अपंगत्व नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने भेदभावाला बंदी केली. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे. मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही राजीव रतूरी खटल्यात बजावले की, सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून विचारावे : स्वउत्पन्नातील ५ टक्के दिव्यांग निधी कुठे गेला? त्यातून सिमेंटचा एक उतार, एक रुंद दरवाजा, शौचालयात धरायला एक लोखंडी दांडा का होत नाही?

आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारावा. आपल्या किती विहारांना उतार आहे? वंदनेसाठी चौघे त्या बांधवाला उचलून आत नेतात, तेव्हा आपल्याला करुणेचे समाधान मिळते. त्याची मान मात्र खाली जाते. त्याला खांदे नकोत, वाट हवी आहे.

ज्या तालुक्यात पाण्यासाठी सत्याग्रह झाला, तिथे आजही एक माणूस तहान मारून घराबाहेर पडतो. हा लढा कोणी लढायचा?