रूळ रुंद झाले, वाट खुंटलेलीच!

एखाद्या गावी आगगाडी आली म्हणजे त्या गावाचा जगाशी संबंध जुळला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे याचा पडताळा ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी दौंडहून बारामतीची गाडी धरावी. गाडी बारामतीस पोहोचते आणि आल्या वाटेनेच परत फिरते. कारण पुढे वाटच नाही. रूळ रुंद झाले, पण मार्ग खुंटलेलाच राहिला!

हा मार्ग १९१४ साली सुरू झाला तेव्हा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता. दौंडवरून जाणारा मुंबई-सोलापूर मार्ग मात्र साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा. अरुंद मार्गास जमीन थोडी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान पुरतात. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकू लागलेल्या मुलखात थोडक्या भांडवलात गाडी आली, हा लाभ लहान नव्हता. परंतु त्या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून गेली होती. एका गेजची वाघीण दुसऱ्या गेजच्या रुळांवर चालत नाही. त्यामुळे बारामतीकडचे प्रत्येक पोते, गुळाची प्रत्येक ढेप दौंडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. हमाली पडे, खोळंबा होई, मालाची नासधूस होई. आणि हा सारा भुर्दंड अखेर शेतकऱ्याच्याच माथी बसे.

गेज बदलणे म्हणजे रूळ थोडे दूर सरकविणे नव्हे. भराव, पूल, वळणे, फलाट सारेच नव्याने करावे लागते. एवढा खर्च सार्थकी केव्हा लागतो? याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर हा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मुंबईची गाडी कोल्हापूरपर्यंत थेट जाऊ लागली. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झालेली आणि पुढे मिरज व लातूरपर्यंत पसरलेली बार्शी लाइट रेल्वे या शतकात रुंद झाली, तिचाही लाभ याच कारणाने झाला. रुंदीकरणाने तेथे दोन टोके जोडली गेली. बारामतीस टोक एकच आहे. मालाची चढउतार टळली हे खरे. पण शाखा ती शाखाच राहिली.

ही उणीव भरून निघणे अशक्य नाही. पुणे-मिरज मार्गावरील लोणंदहून फलटणपर्यंत रूळ आले आहेत. २०२१ साली पुण्याहून फलटणला गाडीही सुरू झाली. उरला आहे तो फलटण-बारामती हा टप्पा. तो पुरा झाला म्हणजे मनमाडकडून दौंडला आलेली मालगाडी पुण्याच्या गर्दीत न शिरता बारामती, फलटण, लोणंद या वाटेने थेट मिरजेकडे जाऊ शकेल. मग ही बारामतीची शाखा न राहता उत्तर व दक्षिण महाराष्ट्र जोडणारी वाट होईल. म्हणूनच या टप्प्याचे मोल बारामतीच्या तिकीटविक्रीवरून ठरविणे आम्हांस सर्वथैव चुकीचे वाटते.

शेजारच्या इंदापूरची कथा याहून विषादाची आहे. मुंबई-सोलापूर लोहमार्ग या तालुक्यातून जातो, भिगवणला स्थानक आहे; परंतु तालुक्याच्या गावास मात्र रूळ नाही. याच तालुक्यात वालचंदनगर आहे. ते वसविणाऱ्या वालचंद हिराचंदांनी आपल्या उमेदवारीच्या काळात लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटे घेतली होती. रेल्वेच्या कामावर उभ्या राहिलेल्या उद्योजकाच्या गावी देशाचा लोहमार्ग पोहोचू नये, यास काय म्हणावे? बारामतीहून वालचंदनगर व इंदापूरमार्गे मुख्य मार्गास मिळणाऱ्या वाटेची नीट पाहणी तरी व्हावयास हवी.

यावर दोन आक्षेप येतील. डांबरी रस्ते असता रूळ कशाला, हा पहिला. साखरेसारखा जड माल दूरच्या प्रांतात न्यावयाचा तर रेल्वेच स्वस्त पडते, हे त्याचे उत्तर. दुसरा आक्षेप जमिनीचा. तो अधिक गंभीर आहे आणि त्यास आम्ही हलके लेखीत नाही. बागायती जमीन देणे म्हणजे चालता संसार मोडणे होय. इंदापूरच्या शेतकऱ्याने तर उजनीच्या जलाशयासाठी गावेच्या गावे पाण्याखाली जाताना पाहिली आहेत. त्याच्याकडे पुन्हा हात पसरावयाचा असेल तर सरकारने मोबदला आधी चुकता करावा आणि फावडे मग उचलावे. जमिनीचे भांडण वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवण्याने शेतकऱ्याचे हित साधत नाही आणि रेल्वेचेही नाही.

एका गेजचा हट्ट धरून १९९२ सालापासून रेल्वेने देशभर रूळ रुंद केले. तो हट्ट योग्यच होता. परंतु रुंदी हे साधन आहे, साध्य नव्हे. बारामतीच्या फलाटापलीकडे रूळ जातील त्या दिवशीच त्या रुंदीकरणावरील खर्च खऱ्या अर्थाने वसूल होऊ लागेल. तोवर साडेपाच फुटी रुळावरूनही आपण चालणार ती अडीच फुटी चालच!